न फिरणारं बेअरिंग

शिर्डीत आमचं घर नगर-मनमाड रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. गल्ली अरुंद. गाडी बाहेर काढताना पहिल्याच वळणावर स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवावं लागतं. २०२३च्या पावसाळ्यात त्या वळणावर माझ्या मारुती ८००च्या पुढच्या भागातून 'टण्' असा आवाज येऊ लागला. ताणलेली तार सुटावी तसा. सरळ रस्त्याला लागलं की आवाज बंद. पुढं आणखी एक गोष्ट लक्षात आली. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला हवं, ते येईना. हातानं सरळ करावं लागे, आणि केलं तरी गाडी थोडा वेळ डावीकडं ओढत राही.

मी कोपरगावच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. रोजचं जाणं पंधरा किलोमीटर, येणं पंधरा किलोमीटर. गाडी वडिलांची, २००२ सालची, एमएच-१७ क्रमांकाची. वडील डिसेंबर २०१९मध्ये गेले, आणि त्यानंतर ती अडीच वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. विकायची नाही, एवढं आईनं सांगितलं होतं. चालवायची की नाही, हे कुणी ठरवलंच नव्हतं. जुलै २०२२मध्ये नोंदणीची मुदत संपत आली, तेव्हा ठरवणं भाग पडलं. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून नूतनीकरणाची फी सहाशे रुपयांवरून पाच हजार झाली होती. पुण्याहून धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, भंगारात देऊन टाक. बाबांचा फोटो आहे ना घरात." मी पाच हजार भरले आणि गाडी वापरात घेतली. वर्षभरात हा आवाज सुरू झाला.

मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथं निदान झालं, 'बेअरिंग गेलंय'. पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली गेली. 'टण्' तसाच राहिला. वर तीन महिन्यांनी एक नवीनच आवाज आला, वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर. पैसे देऊन आपण एक दुखणं तसंच ठेवलं आणि दुसरं विकत आणलं, असं वाटू लागलं. त्या रागातूनच मी बेअरिंग या वस्तूचा माग काढायला लागले. पुस्तकं धुंडाळली, कंपन्यांच्या तांत्रिक पुस्तिका वाचल्या, आणि शेवटी एका जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये दोन दिवस स्टूल टाकून बसले. निदान शब्दशः बरोबर होतं. बेअरिंगच गेलं होतं. फक्त कुठलं, ते चुकलं होतं.

वंगणाच्या नळ्यापासून

फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यामध्ये जे असतं ते बेअरिंग. भार पेलायचा आणि घर्षण कमी ठेवायचं, एवढंच त्याचं काम. लाकडी बैलगाडीत लोखंडी आसाभोवती चाकाचा तुंबा फिरायचा आणि दोहोंच्या मध्ये वंगण असायचं. गाडीला वंगणाचा नळा बांधलेला असे. तो रिकामा झाला की चाक करकरू लागे आणि गाडी ओढणारा बैल आधी दमे. म्हणजे बेअरिंग बिघडल्याचं पहिलं लक्षण आवाज, आणि दुसरं लक्षण म्हणजे ओढणाऱ्याला पडणारे जास्तीचे कष्ट. आज बैलाच्या जागी पेट्रोल आहे, इतकाच फरक.

घसरण्याऐवजी घरंगळणं सोपं, ही कल्पना फार जुनी आहे. पण चाकाच्या आसात खोबण पाडून त्यात छर्रे बसवण्याचं पेटंट १७९४ सालचं, वेल्समधल्या कारमार्दनच्या फिलिप व्हॉन याचं. तेही घोडागाडीसाठीच. कल्पना चांगली होती, पण सगळे छर्रे एकाच मापाचे कसे करायचे, हा प्रश्न सुटत नव्हता. एक छर्रा केसभर मोठा असला तरी सगळा भार त्याच्यावर येतो आणि तोच आधी फुटतो. १८८३मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरनं पोलादी छर्रे एकसारखे घासून गोल करणारं यंत्र बनवलं आणि हा अडसर दूर झाला.

पुढचा टप्पा स्वीडनचा. गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट हा तरुण देखभाल-अभियंता होता. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी. जमीन दबली की यंत्रांचे लांब दांडे किंचित तिरके होत आणि बेअरिंगं पटापट जात. दांडा तिरका झाला तरी स्वतःला जुळवून घेणारं बेअरिंग त्यानं तयार केलं, आणि १९०७मध्ये एसकेएफ ही कंपनी सुरू झाली. १९६०च्या दशकात या कंपनीचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला आला.

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, शेतकऱ्याच्या गाडीत बेअरिंग आलं ते उसामुळं. शिर्डीच्या जवळच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. पुढं जिल्हाभर कारखाने झाले आणि ऊस वाहण्यासाठी रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या. टायर सगळ्यांच्या डोळ्यांना दिसे. पण बैलांचा जीव वाचवण्यात टायरइतकाच वाटा चाकाच्या आत बसलेल्या बेअरिंगचाही होता.

माझे वडील जिल्ह्यातल्याच एका कारखान्याच्या गाडीतळावर नोकरीला होते. हंगामात रात्री-अपरात्री टायरगाड्या दुरुस्तीला येत. लहानपणी त्यांच्यासोबत गेले की ते चाक उचलून हातानं फिरवत, दुसरा हात आसावर ठेवत आणि काही क्षण गप्प उभे राहत. "कानानं नाही, तळव्यानं ऐकायचं," असं ते म्हणत. त्या वयात मला ती गंमत वाटली होती. पुढं कळलं की बेअरिंग तपासण्याची घरगुती पद्धत आजही तीच आहे.

सव्वापट भार, निम्मं आयुष्य

बेअरिंग किती टिकेल याचं गणित स्वीडनच्या लुंडबेर्ग आणि पाल्मग्रेन यांनी १९४७मध्ये मांडलं. त्याच पायावर आजचं आंतरराष्ट्रीय मानक उभं आहे. छऱ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, हे त्याचं सार. भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतो. आणि भार फक्त सव्वापट केला, तरी १.२५ चा घन सुमारे १.९५ येतो, म्हणजे आयुष्य जवळजवळ निम्मं. चार माणसांच्या गाडीत सहा जण, मांडीवर दोन पोरं आणि टपावर बोचकी, हे दृश्य शिर्डीच्या रस्त्यावर कुठल्याही गुरुवारी दिसेल. त्यातलं प्रत्येक जास्तीचं ओझं बेअरिंग घनात मोजत असतं.

हे 'आयुष्य'ही हमीचं नसतं. एकसारख्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद जिथवर टिकतील, तो आकडा म्हणजे गणितातलं आयुष्य. उरलेली दहा त्याआधीच जाणार, हे हिशोबात धरलेलंच आहे. आपलं बेअरिंग नव्वदांतलं की दहांतलं, हे कागदावर कळत नाही.

मारुती ८००चं चाक लहान, बारा इंची. टायरचा घेर सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर. म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वासहाशे फेरे. माझ्या कोपरगावच्या एका खेपेत चाक नऊ हजारांवर वेळा फिरतं. एक लाख किलोमीटरमध्ये सहा कोटींहून जास्त फेरे होतात. इतकं फिरूनही चांगलं बसवलेलं, पाणी-धुळीपासून वाचलेलं चाकाचं बेअरिंग वर्षानुवर्षं चालतं. फिरणं हा त्याचा धर्म आहे.

स्प्रिंगच्या डोक्यावरचं बेअरिंग

आता दुसऱ्या बेअरिंगकडं येऊ. ते गाडीखाली वाकून पाहिलं तर दिसत नाही. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकांच्या बरोबर वर, पत्र्यात गोल उंचवटे दिसतात. त्यांच्या पोटात रबरी माउंटिंग असतं आणि त्यात हे बेअरिंग. ते तिथं का आलं, हे कळायला अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्यापर्यंत जावं लागतं.

जुन्या मोटारींत, उदाहरणार्थ कुर्ल्याला प्रीमियर कंपनीत तयार होणाऱ्या आणि मुंबईची टॅक्सी म्हणून गाजलेल्या फियाट-पद्मिनीत, पुढचं चाक वर-खाली अशा दोन भुजांमध्ये धरलेलं असे आणि स्प्रिंग त्या भुजांच्या मध्ये. चाक वळलं तरी स्प्रिंग आपल्या जागी राही. मॅकफर्सननं वरची भुजाच काढून टाकली. शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र करून एकच उभा खांब केला. त्याचं खालचं टोक चाकाच्या नकलला आणि वरचं टोक थेट गाडीच्या पत्र्याला. भाग कमी, वजन कमी, जागा कमी, खर्च कमी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या फोर्ड व्हेडेटमध्ये आणि पुढं ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सलमध्ये ही रचना आली. आज जगातल्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांवर हाच खांब आहे. १४ डिसेंबर १९८३ला भारतात आलेल्या मारुती ८००तही तोच होता.

पण या सोयीची एक किंमत आहे. चाक वळवलं की त्याच्याबरोबर सगळा खांब स्प्रिंगसकट वळतो. वरचं टोक तर पत्र्याला पक्कं बांधलेलं. मग वळायला जागा कुठं? म्हणून खांबाच्या डोक्यावर बेअरिंग. गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन पत्र्यातून माउंटिंगवर, तिथून या बेअरिंगवर, मग स्प्रिंगवर आणि स्प्रिंगमधून खाली चाकाकडं उतरतं. म्हणजे वजन पेलत पेलत वळायचं, असं त्याचं काम आहे.

याला जवळचा नमुना म्हणजे जातं. वरची तळी खालच्या तळीवर टेकलेली, मध्ये मेख, भार सगळा उभा. शिर्डीकराला जातं नवं नाही. दाभोलकरांच्या 'श्रीसाईसच्चरिता'ची सुरुवातच बाबांनी गहू दळल्याच्या प्रसंगानं होते. पण जातं गरगर फिरतं, म्हणून त्याचा दगड चहूकडून सारखा झिजतो. तेच जातं पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं असंच वर्षानुवर्षं हलवलं तर काय होईल? झीज एकाच जागी पडेल, तिथं खळगा होईल आणि वरची तळी त्या खळग्यात अडखळू लागेल.

स्प्रिंगच्या डोक्यावरच्या बेअरिंगचं नेमकं हेच होतं. चाकाचं बेअरिंग कोट्यवधी फेरे मारतं. हे वरचं बेअरिंग मात्र गाडीच्या अख्ख्या आयुष्यात एकही पूर्ण फेरा मारत नाही. डावीकडं थोडं, उजवीकडं थोडं, आणि बहुतेक वेळ मधोमध. तेच छर्रे, तीच खोबण, तोच भार. त्यामुळे ग्रीसही सगळीकडं फिरून पसरत नाही, आहे तिथंच राहतं आणि वाळतं.

उभ्या गाडीचं दुखणं

बेअरिंग वापरानं जातं, असं आपण धरून चालतो. ते पूर्ण खरं नाही.

पोलादाची कठीणता मोजण्याची पद्धत योहान आउगुस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यानं १९००मध्ये जगापुढं मांडली. कठीण गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. त्याच्या नावावरून बेअरिंगच्या खोबणीत छऱ्यांच्या दाबानं पडणाऱ्या खळग्यांना 'ब्रिनेलिंग' म्हणतात. चाक खड्ड्यात जोरात आदळलं की छर्रा खोबणीवर तसाच ठसा उमटवतो. नगर-मनमाड रस्त्यावर ज्यांनी पावसाळ्यात गाडी चालवली आहे, त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही.

पण १९३०च्या दशकात अमेरिकेत एक कोडं पडलं. डेट्रॉईटहून रेल्वेनं पाठवलेल्या नव्या कोऱ्या मोटारींच्या चाकांच्या बेअरिंगांत उतरवतानाच खळगे सापडत, छऱ्यांच्या अंतरानुसार ओळीनं. गाड्या एक मैलही धावलेल्या नव्हत्या. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेननं १९३७मध्ये त्याचा उलगडा मांडला. वाघिणीत बांधलेली गाडी प्रवासभर बारीक थरथरत राही. चाक फिरत नसल्यानं छऱ्याखालचं वंगण बाजूला सरके, ते परत येत नसे, आणि धातूला धातू घासून खळगा पडे. दिसायला ठसा, पण मुळात झीज. म्हणून त्याला 'खोटं ब्रिनेलिंग' असं नाव मिळालं. बेअरिंग चालून नव्हे, न चालता गेलं होतं.

याला गंजाची जोड मिळते. बेअरिंग फिरत असतं तोवर वंगणाचा पातळ थर सतत नव्यानं पसरत असतो. गाडी उभी राहिली की छर्रा आणि खोबण जिथं टेकतात तिथं ओल साचते. गंजाचा सुईच्या टोकाएवढा ठिपकाही पुरतो. पुढं गाडी चालू लागली की त्या ठिपक्यापासून पोलादाचे कण सुटायला लागतात.

आमच्या शेडच्या पत्र्याला एका जागी भोक होतं. त्याखाली गाडीचं बॉनेट होतं. अडीच वर्षांत दोन पूर्ण पावसाळे येऊन गेले. डाव्या माउंटिंगवरची रबरी टोपी केव्हाच पडून गेली होती, आणि पाण्याला बेअरिंगपर्यंत सरळ वाट होती. गाडी आम्ही प्रेमापोटी हलवली नाही. आई दर दसऱ्याला हार घालायची. मी फडक्यानं धूळ पुसायचे. बॉनेट मात्र आम्ही दोघींनी कधी उघडलं नाही.

दुखणं कसं ओळखायचं

मिस्त्रींनी गाडी पाहिली तेव्हा पहिली पाच मिनिटं पान्ह्याला हातही लावला नाही. मला आत बसवून इंजिन बंद ठेवायला लावलं आणि म्हणाले, "ताई, स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा." स्वतः डाव्या चाकाच्या कमानीत हात घालून त्यांनी स्प्रिंगला बोटं टेकवली. मग मला खाली उतरवून माझा हात तिथं ठेवला आणि पोऱ्याला स्टिअरिंगवर बसवलं. स्प्रिंग वळणाबरोबर सरळ वळत नव्हती. ती अडून राहायची, पीळ घ्यायची आणि एकदम सुटायची. तोच तो 'टण्'. वडिलांचं तळव्यानं ऐकणं तिथं मला पहिल्यांदा समजलं.

"आवाज खालून येतो म्हणून दुखणं खालीच असतं असं नाही," मिस्त्री म्हणाले. "स्प्रिंग वरचा आवाज खाली आणून सोडते."

त्यांच्याकडून शिकलेली पारख अशी. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना अडखळ, 'टण्' किंवा 'कट्ट' होत असेल आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परतत नसेल, तर संशय वरच्या बेअरिंगवर. वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर असेल तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. अशी घरघर गुळगुळीत रस्त्यावर, लांब सरळ पट्ट्यावर चांगली ऐकू येते, पण टायर विषम झिजलेले असले तरी तसाच आवाज येतो. त्यासाठी गाडी चालती असताना हलकेच डावीकडं वळवायची. भार उजव्या चाकांवर जातो. घरघर वाढली तर उजवं बेअरिंग, कमी झाली तर डावं. टायरचा आवाज असा सहसा बदलत नाही.

मग गाडी जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवायचं. तिथं ढिलेपणा लागला तर चाकाचं बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर लागला तर बहुधा टाय रॉडचं टोक. खड्ड्यातून जाताना नुसता 'खडखड' आवाज असेल तर आधी रबरी बुश आणि लिंक पाहायच्या. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. माझ्याकडून ती आधीच्या वेळी कुणी करून घेतली नाही, आणि ती मागायला हवी हे मलाही ठाऊक नव्हतं.

बदलण्याचं काम

वरचं बेअरिंग बदलायला संपूर्ण खांब बाहेर काढावा लागतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हे काम करायचं नाही. खाली लोखंडी घोडे लावायचे. चाक काढायचं, ब्रेकची नळी खांबावरून सोडवायची आणि ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबकळू न देता तारेनं बांधून ठेवायचा. नकलचे बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या जागी खूण करायची, म्हणजे चाकाचा झुकाव पुन्हा जवळपास तसाच बसतो. मग बॉनेटखालचे माउंटिंगचे नट.

यात एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. माउंटिंगच्या मधोमध दिसणारा मोठा नट सगळ्यात सोपा वाटतो, आणि तो आधी कधीच सोडायचा नसतो. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटावर अडवलेली असते. तो सुटला तर माउंटिंग गोळीसारखं उडतं. स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना दाबयंत्राचे दोन आकडे लावून ती आळीपाळीनं थोडी थोडी दाबायची आणि दोन्ही टोकांवरचा ताण गेल्याची खात्री झाल्यावरच तो नट सोडायचा. मिस्त्रींनी त्या वेळी पोऱ्याला आणि मला दोघांनाही बाजूला उभं केलं. घरी बसून, हत्यारं उसनी आणून करण्याचं हे काम नाही.

डाव्या बाजूचं बेअरिंग मी हातात घेतलं. बाहेरून धड दिसत होतं. फिरवलं तर दाणेदार, वाळू भरल्यासारखं, आणि एका जागी येऊन थांबायचं. ती जागा म्हणजे चाक सरळ असतानाची जागा. उघडल्यावर खोबणीत तपकिरी डाग होते, एकसारख्या अंतरावर, ओळीनं. उजव्या बाजूचं त्यापेक्षा बरं होतं, तरी दोन्ही बदलली. एक नवं आणि एक जुनं ठेवलं तर दोन्ही बाजूंना वळण्याचा जोर वेगळा लागतो आणि गाडी एकीकडं ओढते. शिवाय मजुरी पुन्हा द्यावी लागते ती वेगळी. माउंटिंगचं रबर तडकलेलं होतं, तेही बदललं. बसवताना दोन गोष्टी पाहायच्या. बेअरिंगची वरची बाजू वरच आली पाहिजे, आणि स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीतल्या खाचेत नीट टेकलं पाहिजे. शेवटी टोपी, आणि नंतर चाकांचं अलाइनमेंट.

घरघर करणारी चाकाची बेअरिंगंही पुन्हा काढली. तीन महिन्यांपूर्वीची ती नवी बेअरिंगं पाहून मिस्त्री नुसतेच "हातोडा" म्हणाले. बेअरिंगला दोन कड्या असतात, आतली आणि बाहेरची. घरात बसवताना दाब बाहेरच्या कडीवरच द्यायचा, दांड्यावर चढवताना आतल्या कडीवर. चुकीच्या कडीवर दाब दिला की तो छऱ्यांतून पलीकडं जातो आणि खोबणीत ठसे पडतात. हातोड्यानं ठोकून बसवलेलं बेअरिंग डब्यातून निघाल्या दिवशीच जखमी झालेलं असतं. आवाज तीन महिन्यांनी येतो, एवढंच. मिस्त्रींनी नवी बेअरिंगं प्रेसवर सावकाश दाबून बसवली, आणि हबचा मोठा नट चाक जमिनीला टेकल्यावर मोजून आवळला.

दोन दिवसांचं काम. सामान आणि मजुरी धरून जो खर्च आला, तो मी वर्षाला पेट्रोलवर करते त्याच्या अगदी लहानशा हिश्शाएवढा होता.

पुढचं

काही महिन्यांनी आईला घेऊन समृद्धी महामार्गानं छत्रपती संभाजीनगरला गेले. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला होता, पण तोवर या गाडीनं त्यावर जायचं धाडस मला झालं नव्हतं. सिमेंटच्या रस्त्यावर बेअरिंगची घरघर लपत नाही. मी ऐंशीच्या आत गाडी ठेवली आणि कान लावून बसले. टायर आणि वारा, बाकी काही नाही. आई म्हणाली, "रेडिओ लाव की." तिला वेगळं काही जाणवलं नव्हतं, आणि दुरुस्ती नीट झाल्याची तीच खूण होती.

२०२७मध्ये नोंदणी पुन्हा संपेल. वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५पासून दहा हजार रुपये झाली आहे. भाऊ तेव्हा पुन्हा तेच विचारील, आणि त्याचा प्रश्न चुकीचा नाही. पत्रा किती गंजला, इंजिन काय म्हणतं, धूर किती, हे पाहूनच मी उत्तर देईन. गाडी ठेवायची असेल तर चालवायची, आणि चालवायची नसेल तर ठेवायची नाही, एवढं मात्र माझं ठरलं आहे. सुट्टीच्या महिन्यांतही आठवड्यातून एकदा ती राहात्यापर्यंत नेऊन आणते. निघताना त्या अरुंद वळणावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवते. वरच्या बेअरिंगला आयुष्यात एवढंच फिरायला मिळतं.

शेडच्या पत्र्याचं भोकही बुजवून घेतलं आहे.